नायजेरियाची सूया : पदपथावरून उपाहारगृहापर्यंत

पश्चिम आफ्रिकेतील नायजेरिया या देशात सूर्यास्तानंतर रस्त्याच्या कडेला, बसथांब्यांजवळ आणि बाजारपेठांच्या तोंडाशी निखारे फुलू लागतात. मांसाच्या अतिशय पातळ पट्ट्या लाकडी काड्यांत ओवून, त्यांना शेंगदाण्याची पेंड, सुंठ आणि लाल मिरची यांचा मसाला चोळून त्या निखाऱ्यांवर भाजल्या जातात. भाजलेले तुकडे कच्चा कांदा आणि टोमॅटो यांसह कागदात बांधून ग्राहकाच्या हाती दिले जातात. या पदार्थाचे नाव आहे ‘सूया’.

मूळचा हा पदार्थ देशाच्या उत्तर भागातील हौसा भाषक समाजाचा आहे. तथापि लागोस, इबादान, एनुगू, पोर्ट हारकोर्ट अशा दक्षिणेतील शहरांतही तो तितक्याच आवडीने खाल्ला जातो. वीस कोटींहून अधिक लोकसंख्येच्या, शेकडो भाषांच्या आणि धर्म व प्रदेश यांवरून वारंवार तणाव अनुभवणाऱ्या या देशात सर्वांना आपले वाटणारे पदार्थ मोजके आहेत. सूया त्यांपैकी एक होय. लंडन व ह्यूस्टनसारख्या, नायजेरियन वस्ती असलेल्या परदेशी शहरांतील उपाहारगृहांतही आता सूया मिळते. ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशात नव्याने दाखल झालेल्या नायजेरियन शब्दांची जी यादी २०२५ च्या आरंभी चर्चेत आली, तिच्यात ‘सूया’ या शब्दाचाही समावेश होता.

नाव आणि प्रकार

हौसा ही आफ्रो-आशियाई भाषाकुलातील चाडिक शाखेची प्रमुख भाषा आहे. या भाषेत ‘सूया’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘तळणे’ असा आहे. काडीत ओवून भाजलेल्या मांसासाठी हौसा भाषेत ‘त्सिरे’ असा स्वतंत्र शब्द आहे. शहरी बोलीत मात्र ‘सूया’ हेच नाव रूढ झाले आहे.

व्यापक अर्थाने सूयाचे तीन प्रकार मानले जातात. पहिला प्रकार म्हणजे मसाला लावून काडीवर भाजलेले त्सिरे. दुसरा प्रकार ‘किलिशी’. यात मांसाचे कागदासारखे पातळ पापुद्रे काढून ते उन्हात वाळवतात, त्यांवर शेंगदाण्याच्या पेंडीचे मसालेदार वाटण लावून पुन्हा वाळवतात आणि शेवटी आचेवर धरतात. प्रशीतकाची सोय नसतानाही हे मांस दीर्घकाळ टिकते; त्यामुळे प्रवासी आणि व्यापारी ते सोबत बाळगत आले आहेत. तिसरा प्रकार ‘बालांगू’. यात शेंगदाण्याचा मसाला न लावता मांस नुसतेच भाजले जाते.

सूया करणाऱ्या आणि विकणाऱ्या कारागिरास ‘मै सूया’ असे संबोधले जाते. ‘मै’ म्हणजे एखादी वस्तू ज्याच्यापाशी आहे किंवा एखादा व्यवसाय जो करतो तो. मराठीतील ‘वाला’ या प्रत्ययाशी त्याची तुलना करता येईल. हौसा समाजात खाटिकाचा व्यवसाय परंपरेने पित्याकडून पुत्राकडे येतो. जुन्या हौसा शहरांत खाटिकांचा स्वतंत्र प्रमुख असून त्यास ‘सार्किन फावा’ म्हणतात. सूयाचे कौशल्यही बहुतांशी याच परंपरेतून पुढे आले आहे.

शेजारी देशांत या पदार्थाची नावे बदलतात. कॅमेरूनमध्ये त्यास ‘सोया’, तर घानामध्ये ‘चिचिंगा’ म्हणतात. सुदानमध्ये शेंगदाण्याचा मसाला लावून भाजलेल्या अशाच मांसाला ‘अगाशे’ असे म्हटले जाते. मराठी आडनावासारखे भासणारे हे खाद्य पश्चिम आफ्रिकेतून तेथे स्थायिक झालेल्या हौसा लोकांनी नेले, असे मानले जाते.

याजी : मसाल्याचे मर्म

सूयाची ओळख मांसापेक्षाही तिच्या मसाल्यावर अवलंबून आहे. या मसाल्यास ‘याजी’ म्हणतात. त्याचा पाया म्हणजे ‘कुलीकुली’, अर्थात तेल काढून घेतलेल्या शेंगदाण्याची पेंड. भाजलेले शेंगदाणे वाटून, ते मळून व दाबून त्यांतील तेल वेगळे केले जाते. उरलेल्या लगद्याच्या कांड्या किंवा कडी वळून त्या त्याच तेलात तळतात. उत्तर नायजेरियात हे काम प्रामुख्याने स्त्रिया घरोघरी करतात. महाराष्ट्रात शेंगदाण्याची पेंड बहुधा गुरांपुढे ठेवली जाते. हौसा प्रदेशात मात्र कुलीकुली हा माणसांच्या खाण्याचा कुरकुरीत पदार्थ आहे.

पेंड घेण्यामागे व्यावहारिक कारणही आहे. शेंगदाण्याचे साधे कूट वापरल्यास त्यातील तेलामुळे मसाला गोळा होतो आणि आचेवर लवकर करपतो. तेल काढलेल्या पेंडीची भुकटी कोरडी राहते, मांसाचा ओलावा शोषून घेते आणि भाजताना त्यावर खरपूस आवरण धरते. तेल नंतर स्वतंत्रपणे, बेताने शिंपडले जाते.

या भुकटीत सुंठ, सुकी लाल मिरची, मीठ, सुका कांदा, लवंग आणि ‘किंबा’ नावाची धुरकट वासाची स्थानिक शेंग कुटून घालतात. अलीकडच्या काळात रश्शाला चव आणणाऱ्या तयार वड्यांचा चुराही सर्रास घातला जातो. अशा वडीस नायजेरियात ‘मॅगी’ याच नावाने ओळखतात. भारतीय वाचकांच्या परिचयाच्या शेवयांशी तेथे या नावाचा संबंध जोडला जात नाही. मसाल्याचे प्रमाण प्रत्येक विक्रेत्याचे वेगळे असते आणि ते सहसा कुटुंबाबाहेर सांगितले जात नाही.

हा मसाला जुना आणि देशी वाटत असला, तरी त्याचे दोन प्रमुख घटक आफ्रिकेत बाहेरून आले. भुईमूग आणि मिरची ही दोन्ही पिके मूळची अमेरिका खंडातील. पंधराव्या शतकाच्या अखेरीनंतर सुरू झालेल्या सागरी व्यापारातून, मुख्यतः पोर्तुगिजांच्या मार्फत, ती पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पोहोचली. मिरची भारतातही पोर्तुगिजांच्याच जहाजांतून आली. सोलापूरची शेंगदाण्याची चटणी ज्यांच्या जिभेवर आहे, त्यांना याजीची चव सर्वस्वी अपरिचित वाटत नाही ती यामुळेच. आल्याच्या उत्पादनातही भारत आणि नायजेरिया हे दोन्ही देश जगात अग्रेसर आहेत. नायजेरियातील आल्याचा मुख्य पट्टा असलेल्या दक्षिण कडुना भागात २०२३ मध्ये बुरशीजन्य रोगाने पिकाची मोठी हानी झाली होती.

भुईमुगाने हौसा प्रदेशाच्या इतिहासावरही ठसा उमटवला आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या आरंभी लागोसहून निघालेला लोहमार्ग उत्तरेतील कानो शहराशी जोडला गेला आणि भुईमूग हे निर्यातीचे प्रमुख पीक बनले. कानोमध्ये निर्यातीसाठी रचलेले पोत्यांचे प्रचंड मनोरे ‘भुईमुगाचे पिरॅमिड’ म्हणून प्रसिद्ध होते. एका मनोऱ्यात पंधरा हजारांपर्यंत पोती असत. पुढे खनिज तेलाच्या उत्पन्नामुळे शेतीकडे झालेले दुर्लक्ष आणि १९७५ मध्ये भुईमुगावर पडलेला विषाणूजन्य रोग यांमुळे हे मनोरे दिसेनासे झाले. निर्यात ओसरली, कुलीकुली मात्र घराघरांत टिकून राहिली.

भाजण्याची रीत

सूयासाठी सामान्यतः बैलाचे किंवा गाईचे चरबी कमी असलेले मांस घेतात. त्याशिवाय मेंढ्याचे मांस, कोंबडी, यकृत आणि गुर्दा यांचीही सूया केली जाते. कारागिराचे खरे कसब सुरीत आहे. तो मांसाचा तुकडा न तोडता उलगडत जातो आणि त्याचा रुंद, जवळजवळ पारदर्शक पदर काढतो. हा पदर काडीवर नागमोडी ओवला जातो. पातळपणामुळे मसाला सर्वत्र पोहोचतो आणि मांस अल्प आचेवर लवकर शिजते.

जुन्या पद्धतीत काड्या मातीच्या गोल ओट्यावर, मध्ये पेटवलेल्या आगीभोवती उभ्या रोवतात. अशा वेळी मांस ज्वाळेवर न भाजता शेजारच्या धगीवर हळूहळू भाजले जाते. शहरांत लोखंडी पिंप उभे कापून त्यावर जाळी टाकलेली भट्टी अधिक आढळते. दुपारनंतर मांस अर्धवट भाजून रचून ठेवतात आणि ग्राहक आला की पुन्हा निखाऱ्यावर धरतात. त्यानंतर ते काडीवरून काढून लाकडी ठोकळ्यावर तुकडे केले जातात. वर याजीची आणखी एक चिमूट भुरभुरली जाते आणि कांदा, टोमॅटो, क्वचित कोबी यांसह पुडी बांधली जाते. तुकडे दात कोरायच्या काडीने टोचून खाण्याची रीत आहे.

सूयासोबत उत्तरेत ‘मासा’ खातात. हा मराठीतील मासा नव्हे. भिजवलेल्या तांदळाचे पीठ आंबवून, खोलगट खळगे असलेल्या भांड्यात भाजलेला हा पदार्थ आहे. महाराष्ट्रातील आणि दक्षिण भारतातील आप्प्यांशी त्याचे साम्य थक्क करणारे आहे.

उत्तरेची गुरे, दक्षिणेचे ग्राहक

सूया दक्षिणेत कशी पोहोचली, याचे उत्तर गुरांच्या व्यापारात सापडते. दक्षिणेतील दमट वनप्रदेशात त्से-त्से माशीमुळे गुरांना प्राणघातक रोग होतो. त्यामुळे वशिंड असलेली गुरे शतकानुशतके उत्तरेच्या कोरड्या गवताळ प्रदेशात, विशेषतः फुलानी पशुपालकांनी पाळली. मांसाची मोठी मागणी मात्र दक्षिणेतील दाट वस्तीच्या शहरांत होती. १९१४ मध्ये ब्रिटिशांनी उत्तर आणि दक्षिण हे आपले दोन स्वतंत्र प्रदेश एकत्र करून आजचा नायजेरिया निर्माण केला, तेव्हा या व्यापाराला नवी गती मिळाली.

इबादान या योरुबा भाषकांच्या शहरात १९१६ मध्ये हौसा व्यापाऱ्यांसाठी ‘साबो’ नावाची वेगळी वसाहत वसवण्यात आली. मानवशास्त्रज्ञ ॲबनर कोहेन यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या वसाहतीचा सविस्तर अभ्यास केला आहे. उत्तरेतून गुरे दक्षिणेस येत आणि दक्षिणेच्या वनातील कोलाची फळे उत्तरेस जात. कोलाचे फळ पाहुण्यापुढे ठेवण्याची तेथील प्रथा आपल्याकडील पानसुपारीची आठवण करून देते. हा सारा व्यवहार पतपेढ्यांवाचून, ओळखीच्या आणि विश्वासाच्या बळावर चाले. अशा वसाहतींच्या आसऱ्यानेच हौसा कारागीर दक्षिणेतील शहरांत स्थिरावले.

आजही दक्षिणेतील सूया विक्रेते बव्हंशी उत्तरेकडील मुस्लिम असतात आणि त्यांचे ग्राहक ख्रिस्ती, मुस्लिम असे सर्वच असतात. अनेक ठिकाणी मै सूयाची भट्टी बिअरच्या गुत्त्याबाहेर मांडलेली दिसते. तो स्वतः मद्याला स्पर्श करत नाही. गुत्त्यातील गिऱ्हाईक मात्र त्याच्याकडूनच पुडी मागवते. १९६६ मधील हत्याकांडे आणि १९६७ ते १९७० या काळातील यादवी युद्ध अनुभवलेल्या देशात हा रोजचा व्यवहार लहान म्हणता येणार नाही.

हा व्यवहार किती नाजूक आहे, याचा प्रत्यय २०२१ मध्ये आला. त्या वर्षी फेब्रुवारीत इबादानच्या शाशा बाजारात योरुबा आणि हौसा गटांत हिंसाचार उसळून अनेकांचे प्राण गेले. त्यानंतर उत्तरेतील गुरे व अन्नधान्य व्यापाऱ्यांच्या संघटनेने सुरक्षिततेची आणि नुकसानभरपाईची मागणी करत दक्षिणेकडील पुरवठा रोखून धरला. मांसाबरोबरच कांदा, टोमॅटो आणि मिरची यांची आवकही थांबली, कारण ही पिकेही मोठ्या प्रमाणावर उत्तरेतूनच येतात. दक्षिणेतील बाजारांत भाव भडकले, तर उत्तरेत नाशवंत माल सडू लागला. मार्चच्या आरंभी वाटाघाटींनंतर पुरवठा पूर्ववत झाला. सूयाच्या एका पुडीतील जवळजवळ प्रत्येक जिन्नस सुमारे एक हजार किलोमीटरच्या त्याच रस्त्याने येतो, ही गोष्ट त्या दिवसांत दक्षिणेला नव्याने उमगली.

त्याच वर्षी मे महिन्यात दक्षिणेतील राज्यांच्या राज्यपालांनी गुरांच्या मुक्त चराईवर बंदी घालण्याचा निर्णय जाहीर केला. शेतकरी आणि पशुपालक यांच्यातील रक्तरंजित संघर्ष त्यामागे होता. २०२४ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने पशुधन विकासासाठी स्वतंत्र मंत्रालयाची घोषणा केली. दरम्यान, २०२३ मध्ये इंधनावरील अनुदान रद्द झाल्यानंतर आणि नायरा या चलनाची घसरण झाल्यानंतर महागाई वाढत गेली. २०२४ च्या मध्यास अन्नधान्याच्या महागाईचा दर ४० टक्क्यांच्या वर पोहोचला होता. ज्या पदार्थाची पुडी पूर्वी सहज परवडत असे, तो अनेकांसाठी सणासुदीचा झाला.

उपाहारगृहांतील सूया

लागोसमध्ये इकोयी भागातील ग्लोव्हर कोर्ट हे ठिकाण सूयासाठी विख्यात आहे. इकेजा भागातील एका विक्रीकेंद्राने तर ‘सूया विद्यापीठ’ असेच नाव धारण केले आहे. मोठी हॉटेले आणि समारंभ यांत मै सूयालाच त्याच्या भट्टीसह पाचारण करण्याची पद्धत आहे. जागा हॉटेलची असते. सुरी, आच आणि याजी ही त्याचीच असते.

परदेशातील उपाहारगृहांत चित्र वेगळे आहे. लंडनच्या पेकहॅमसारख्या नायजेरियन वस्तीच्या भागांत सूयाची साधी दुकाने आहेत, तर शहराच्या मध्यभागातील महागड्या उपाहारगृहांनीही पश्चिम आफ्रिकेच्या पाककलेकडे लक्ष वळवले आहे. लागोसच्या एका उपनगराचे नाव धारण करणाऱ्या ‘इकोयी’ या उपाहारगृहास २०१८ मध्ये मिशेलिनचा पहिला आणि २०२२ मध्ये दुसरा तारा मिळाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘अकोको’ आणि ‘चिशुरू’ या दोन उपाहारगृहांना हा मान लाभला. चिशुरूच्या प्रमुख आचारी अदेजोके बकारे या असा तारा मिळवणाऱ्या ब्रिटनमधील पहिल्या कृष्णवर्णीय महिला ठरल्या. त्यांचे बालपण उत्तर नायजेरियातील कडुना येथे गेले. ‘चिशुरू’ हा शब्दही हौसा भाषेतीलच आहे. जेवण पुढे आल्यावर पंगतीत जी शांतता पसरते, तिला उद्देशून तो वापरला आहे.

या प्रवासात सूयाच्या अर्थात सूक्ष्म बदल होत आहे. परदेशी खाद्यसूचीवर ‘सूया’ हा शब्द अनेकदा केवळ मसाल्याचा निदर्शक असतो. याजी लावलेले कोंबडीचे पंख, मासळी किंवा बटाट्याचे काप यांनाही हे नाव दिले जाते. मांसाचे जाड चौकोनी तुकडे बंद भट्टीत भाजून वर मसाला भुरभुरला की सूया झाली, अशी समजूत रूढ होऊ पाहते. चवीस ते वाईट असेलच असे नाही. परंतु पातळ पदर काढणारी सुरी आणि शेजारच्या धगीवर संथपणे भाजण्याची रीत त्यातून वजा झालेली असते. मसाला डबाबंद होऊन जगभर जाऊ शकतो, हाताचे कसब मात्र माणसाबरोबरच जाते.

उपाहारगृहात प्रथमच सूया मागवणाऱ्याने काही गोष्टी पाहणे उपयुक्त ठरते. मांस पातळ असावे आणि कडेला किंचित कुरकुरीत लागावे. मसाला मांसाला चिकटलेला आणि खरपूस असावा. तो ओला रस्सा किंवा गोडसर चटणी असू नये. कांदा कच्चा आणि ताजा असावा. तिखटाचे प्रमाण आधी सांगता येते. वरून भुरभुरण्याची याजी वेगळी मागण्याचीही प्रथा आहे.

आरोग्यविषयक काळजी

शेंगदाणा हा याजीचा पायाच असल्याने ज्यांना त्याची ॲलर्जी आहे, त्यांनी सूया कटाक्षाने टाळावी. भुईमुगाची साठवण दमट जागी झाल्यास त्यावर वाढणाऱ्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन हे विष निर्माण होते. त्यामुळे पेंडीचा दर्जा महत्त्वाचा ठरतो. अर्धवट भाजलेले मांस अधिक काळ उघड्यावर राहिल्यास जंतूंची वाढ होते. चरबी निखाऱ्यावर ठिबकून उठणारा धूर आणि करपलेला भाग यांत आरोग्यास घातक संयुगे असतात. छापील वर्तमानपत्रात गरम अन्न बांधणेही हितावह नाही. गर्दीच्या ठिकाणची, डोळ्यांदेखत पुन्हा नीट भाजलेली सूया घ्यावी.

भारतीय आणि मराठी संदर्भ

नायजेरियात व्यापार व उद्योगांच्या निमित्ताने मोठा भारतीय समाज राहतो आणि त्यात मराठी भाषकही आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांच्या अबुजा भेटीत तेथील मराठी समाजाने, मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्याबद्दल आनंद व्यक्त केला होता. गोमांस न खाणाऱ्यांसाठी तेथे कोंबडीची सूया सहज मिळते. शाकाहारी व्यक्तींसाठी ‘अवारा’ हा पर्याय आहे. सोयाबीनच्या दुधापासून पनीरसारखे केलेले आणि तळलेले हे तुकडे उत्तर नायजेरियात याजी लावूनच खातात.

भारतात दिल्लीतील आफ्रिकी विद्यार्थी आणि व्यापारी यांच्या वस्त्यांभोवती लहान खाणावळी उभ्या राहिल्या आहेत. देशातील अनेक राज्यांत गोवंश हत्येस बंदी आहे. महाराष्ट्रात मार्च २०१५ पासून ती बैल आणि वळू यांनाही लागू झाली. त्यामुळे येथे सूया करावयाची झाल्यास कोंबडी किंवा बोकडाचे मांस वापरणे ओघानेच येते. तसे केल्याने पदार्थ परका होत नाही, कारण मेंढा आणि कोंबडी यांची सूया मूळ प्रदेशातही प्रचलित आहे.

एखाद्या उपाहारगृहाच्या खाद्यसूचीत सूया हे नाव आढळले, तर त्यामागे कुलीकुली वळणाऱ्या स्त्रिया, गुरे राखणारे पशुपालक, लांबचा रस्ता कापणारे वाहनचालक आणि परमुलखात रात्री उशिरापर्यंत निखाऱ्यापाशी उभा राहणारा मै सूया अशी मोठी साखळी आहे, हे ध्यानात ठेवणे उचित ठरेल. या साखळीतील एक दुवा निखळला की काय होते, ते नायजेरियाने २०२१ मध्ये पाहिले आहे. परक्या गावातून आलेल्या माणसाच्या हातचे, अंधार पडल्यावर, रस्त्याकडेला उभे राहून निःशंकपणे खाता येणे, हीच सूयाची दक्षिणेतील खरी कमाई आहे.